शिवारात शिरलेले उत्तेजक विष

मादक द्रव्यांचा प्रश्न हा मुंबई-पुण्याचा प्रश्न आहे, अशी समजूत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात दीर्घकाळ रूढ होती. १९८० नंतरच्या दशकात ‘गर्द’ म्हणून ओळखल्या गेलेल्या ब्राऊन शुगरने महानगरांतील असंख्य तरुणांना ग्रासले, तेव्हाही खेड्यातील माणूस ती बातमी परक्या मुलखातील बातमीसारखी वाचत असे. त्याच्या गावात हातभट्टी होती, गांजाची चिलीम होती आणि तंबाखू तर घरोघर होती. परंतु प्रयोगशाळेत रसायनांपासून तयार होणारे विष आपल्या वेशीपर्यंत येईल, असे त्याला कधी वाटले नव्हते.

ही समजूत आता सोडून द्यावी लागेल. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राच्या महसूल गुप्तचर संचालनालयाने लातूर जिल्ह्यातील रोहिणा या चाकूर तालुक्यातील गावी, डोंगराळ आणि आडवळणी जागेत चाललेला मेफेड्रोनचा कारखाना उघडकीस आणला आणि ११ किलोहून अधिक माल जप्त केला. अटक झालेल्यांत एक पोलीस शिपाईही होता. त्यापूर्वी मार्च २०२४ मध्ये सांगली जिल्ह्याच्या कवठेमहांकाळ तालुक्यातील इरळी या गावी मुंबई पोलिसांनी असाच कारखाना पकडला. तेथे १२२ किलोहून अधिक माल सापडला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे जिल्ह्यातील कुरकुंभ औद्योगिक वसाहतीचे नाव देशभर गाजले. ऑक्टोबर २०२३ मध्ये संत एकनाथांच्या पैठणजवळच्या औद्योगिक वसाहतीत छापे पडले. त्याही आधी, एप्रिल २०१६ मध्ये, सोलापूरजवळच्या चिंचोळी औद्योगिक वसाहतीत अठरा टनांच्या आसपास इफेड्रिन जप्त करण्यात आले होते. हे इफेड्रिन परदेशी नेऊन त्यापासून मेथॅम्फेटामाइन बनविण्याचा बेत होता, असे पोलिसांचे म्हणणे होते.

या सर्व घटना गुन्हेवृत्त म्हणून वाचल्या गेल्या आणि विसरल्याही गेल्या. वस्तुतः त्या ग्रामीण अर्थव्यवस्थेविषयीच्या बातम्या होत्या. जो माल गावाच्या शिवारात तयार होतो, तो गावात विकला जाण्यास फारसा अवधी लागत नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत तुळजापुरात उघडकीस आलेल्या प्रकरणाने हेच दाखविले. महाराष्ट्राच्या कुलदेवतेच्या त्या लहानशा गावात मेफेड्रोनच्या पुड्या पोहोचल्या होत्या. आरोपींची संख्या तीसच्या वर गेली, आणि त्यांत विकणारे होते तसे सेवन करणारेही होते.

कष्टाला बळ देणारे औषध

मेथॅम्फेटामाइन आणि मेफेड्रोन ही दोन नावे वेगळी असली, तरी ती एकाच कुळातील द्रव्ये आहेत. अफू किंवा ब्राऊन शुगर माणसाला गुंगी आणते. ही द्रव्ये याच्या उलट काम करतात: ती झोप घालवितात, भूक मारतात आणि थकवा नाहीसा झाल्याचा भास निर्माण करतात. मेथॅम्फेटामाइनचा अंमल दहा-बारा तास टिकू शकतो. महाराष्ट्रात ‘एमडी’ या नावाने विकल्या जाणाऱ्या मेफेड्रोनचा अंमल दोन-तीन तासांत ओसरतो, आणि म्हणूनच ते घेणारा एकाच रात्रीत पुन्हा पुन्हा पुडीकडे वळतो.

मेथॅम्फेटामाइनचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. जपानी रसायनशास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनी १८९३ मध्ये ते प्रथम तयार केले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनी आणि जपान या दोन्ही देशांनी आपल्या सैनिकांना व वैमानिकांना जागे ठेवण्यासाठी त्याच्या गोळ्या दिल्या. जपानमध्ये युद्धकाळात ते कारखान्यातील कामगारांनाही मिळत असे. थायलंडमध्ये याच द्रव्याच्या गोळ्या पूर्वी ‘घोड्याचे औषध’ या अर्थाच्या नावाने ओळखल्या जात. लांब पल्ल्याचे मालमोटारचालक आणि राबणारे मजूर त्या घेत. पुढे तेथील शासनाने हे नाव बदलून ‘वेडाचे औषध’ अशा अर्थाचे नाव रूढ केले. नावातील हा बदल त्या देशाने भोगलेल्या अनुभवाचे सार सांगतो.

चैनीची वस्तू म्हणून नव्हे, कष्टाला बळ देणारे औषध म्हणून हे द्रव्य श्रमिकांच्या जीवनात प्रवेश करते, ही गोष्ट ग्रामीण महाराष्ट्राने विशेष ध्यानात घ्यावयास हवी. रात्रभर गाडी हाकणारा, पहाटेपर्यंत ऊस भरणारा, दिवसा शेतात राबून रात्री वीज येते म्हणून पिकाला पाणी देण्यास जाणारा, आणि स्पर्धा परीक्षेसाठी रात्री जागविणारा तरुण या साऱ्यांना झोप ही शत्रूसारखी वाटते. त्यांना कोणी मित्र सांगतो की, ‘एवढे घे, शीण जाणवणार नाही.’ त्याचे बोलणे पहिल्या दिवशी खरे ठरते, आणि धोक्याचे मूळ त्यातच आहे.

पुढचा क्रम मात्र ठरलेला आहे. झोपेअभावी आणि उपासमारीने शरीर खंगते, दात किडतात, हृदयावर ताण येतो. ही द्रव्ये शरीराचे तापमान वाढवितात आणि तहान-भुकेची जाणीव बोथट करतात. मराठवाड्याच्या वैशाखात उघड्या रानात काम करणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे प्राणघातक ठरू शकते. पुढे संशय येऊ लागतो, कानात आवाज ऐकू येतात, घरातील माणसेच आपल्या जिवावर उठली आहेत असे वाटू लागते. पुडी मिळाली नाही की माणूस दिवसचे दिवस झोपून राहतो, आणि त्या उदासीनतेत जीव द्यावा असे विचार त्याच्या मनात येतात. ज्या प्रदेशाने शेतकऱ्यांच्या आत्महत्या पाहिल्या आहेत, त्या प्रदेशाला या शेवटच्या धोक्याचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

कारखाना खेड्याकडे का वळतो?

बेकायदा उद्योगालाही जागा, श्रम आणि वाहतूक यांचा हिशोब मांडावाच लागतो. या द्रव्यांच्या निर्मितीत उग्र वास सुटतो. दाट वस्तीत तो लपत नाही. गावापासून दूर असलेला पत्र्याचा गोठा, बंद पडलेले कुक्कुटपालनाचे शेड, आजारी औद्योगिक वसाहतीतील भाड्याने दिलेला गाळा या जागा त्यासाठी सोयीच्या ठरतात. पीक बुडालेल्या शेतकऱ्याला महिन्याचे रोख भाडे देणारा भाडेकरू देवासारखा वाटतो आणि तो काय बनवितो याची चौकशी करण्याचे त्याला सुचत नाही. रसायनशास्त्राची पदवी घेऊन घरी बसलेले तरुण तालुक्या-तालुक्यांत आहेत. रस्तेही आता उत्तम झाले आहेत. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये मुंबईपर्यंत पूर्णपणे खुला झाला आणि जालना जिल्हा महानगराच्या काही तासांच्या अंतरावर आला. मोसंबी आणि भाजीपाला ज्या रस्त्याने मुंबईस जाईल, त्याच रस्त्याने उलट दिशेने काय येईल, याचाही विचार करावयास हवा.

वर उल्लेखिलेल्या गावांच्या यादीत घनसावंगीचे नाव नाही. तरीही हा तालुका येथे उदाहरण म्हणून घेण्यास कारण आहे. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब याच तालुक्यात आहे. दक्षिणेस गोदावरी आणि नदीपलीकडे बीड जिल्हा. १९७६ मध्ये पैठणचे धरण पूर्ण झाले आणि जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी जसजसे खाली आले, तसतसा कालव्याच्या पट्ट्यात ऊस वाढला. तीर्थपुरीस साखर कारखाना उभा राहिला. कालव्याबाहेरच्या रानात कापूस, सोयाबीन आणि मोसंबी. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या आणि दहा-पंधरा वर्षे जोपासलेली झाडे शेतकऱ्यांना तोडावी लागली. याच मुलखातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या मुकादमाची उचल घेऊन बाहेर पडतात. एका बाजूला उसाचे बिल, दुसऱ्या बाजूला उचल; एका घरी पाणी, शेजारच्या घरी कोरड. मराठवाड्यातील कितीतरी तालुक्यांचे चित्र असेच आहे, आणि म्हणून घनसावंगीस जे लागू पडते ते परतूर, गेवराई, माजलगाव यांसही लागू पडते.

अशा तालुक्यात पैसा बारमाही वाहत नाही. तो कापूस मोंढ्यावर गेला की येतो, उसाचे बिल निघाले की येतो, उचल मिळाली की येतो, आणि मधले महिने उधारीवर जातात. मादक द्रव्याच्या विक्रेत्याला हे वेळापत्रक पाठ असते. हाती रोकड असलेल्या दिवसांत तो पुडी सढळ हाताने देतो आणि कडकीच्या दिवसांत उधारीवर देतो. उधारी वाढली की घेणाऱ्यासमोर तो एक मार्ग ठेवतो: आणखी चार मित्र आण, म्हणजे तुझी पुडी सुटेल. अशा रीतीने सेवन करणाराच विक्रेता बनतो. शहरात विक्रेता आणि ग्राहक एकमेकांस अनोळखी असतात. खेड्यात ते चुलतभाऊ असतात, एकाच शाळेतले वर्गमित्र असतात, एकाच तालमीत गेलेले असतात. त्यामुळे व्यसन येथे भावकीच्या वाटेने पसरते आणि त्याच भावकीच्या भिडेपोटी झाकलेही जाते.

आडवी न होणारी बाटली

दारूविरुद्ध लढण्याची काही साधने ग्रामीण समाजाने, विशेषतः स्त्रियांनी, दीर्घ संघर्षाने मिळविली आहेत. गावातील निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी विरोधात मत दिले तर परवानाप्राप्त दारूचे दुकान बंद करता येते. ‘उभी बाटली, आडवी बाटली’ या मतदानाने महाराष्ट्रातील अनेक गावांत बायकांनी आपली ताकद दाखवून दिली. हातभट्टी असली तर तिचा वास येतो, धूर दिसतो. बायका एकत्र येऊन ती फोडतात. प्यालेला नवरा झोकांड्या खात येतो आणि सर्वांना दिसतो.

पुडीच्या बाबतीत यांपैकी एकही साधन चालत नाही. तिला दुकान नाही, परवाना नाही आणि तोंडाला येणारा वासही नाही. मोबाइलवर निरोप जातो आणि मोटारसायकलवरून माल येतो. घेतलेला तरुण पहिल्या काही महिन्यांत आळशी न दिसता अधिक उत्साही, अधिक बोलका दिसतो. पोरगा कामाला लागला, असेच आईबापांना वाटते. संकट लक्षात येते तेव्हा वर्ष उलटून गेलेले असते. त्यानंतरही संशय, बडबड, रात्रीअपरात्री उठून दारे-खिडक्या तपासणे या लक्षणांचा अर्थ घरची माणसे बाहेरची बाधा किंवा भानामती असाच लावतात. मराठवाड्याला भानामतीचा इतिहास आहे. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये झाला खरा, परंतु संकटात सापडलेल्या कुटुंबाची पावले अजूनही प्रथम देवऋषीकडे वळतात आणि उपचाराचे मोलाचे महिने वाया जातात.

घराचा ताळेबंद

या व्यसनाची किंमत घर कशी मोजते, हे आकड्यांत पाहण्यासारखे आहे. रोहिणा येथे जप्त झालेल्या ११ किलोहून अधिक मालाची किंमत तपासयंत्रणेने सुमारे १७ कोटी रुपये लावली. म्हणजे एका ग्रॅमचा हिशोब पंधरा हजार रुपयांच्या आसपास जातो. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची ठरलेली मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. या दराने एक ग्रॅम म्हणजे ४८ दिवसांची मजुरी आणि तेव्हा हमी असलेल्या शंभर दिवसांची सारी कमाई म्हणजे जेमतेम दोन ग्रॅम. गावात विकली जाणारी पुडी ग्रॅमहून लहान असते, भेसळीची असते आणि तिचा भावही ठिकाणाप्रमाणे बदलतो. तथापि भाव निम्मा किंवा चौथाई धरला, तरी कोणत्याही शेतमजुराच्या वा अल्पभूधारकाच्या उत्पन्नातून हे व्यसन भागू शकत नाही, हा निष्कर्ष बदलत नाही.

उत्पन्नातून जे भागत नाही, ते मत्तेतून भागविले जाते. प्रथम घरातील धान्याची पोती बाजारात जातात. मग शेळी, मग म्हैस, मग बायकोच्या अंगावरचे डोरले. पुढे खाजगी सावकाराकडून शेकडा तीन-चार रुपये महिना व्याजाने उचल, आणि अखेरीस वावराचे गहाणखत किंवा विसार. दारूही घर बुडविते, परंतु ती बहुधा मजुरीतून प्यायली जाते आणि घर बुडण्यास वीस वर्षे लागतात. रासायनिक पुडी हा प्रवास दोन-तीन हंगामांत घडवून आणू शकते. दुष्काळात गेलेले पीक पुढच्या पावसात पुन्हा उभे राहते. खरेदीखताने गेलेली जमीन परत येत नाही. शेतीतील अरिष्टाने जमिनी सुटण्याचा जो वेग होता, त्यात ही एक नवी भर पडण्याची भीती आहे.

या ताळेबंदात न दिसणारे देणे स्त्रिया, मुले आणि वृद्ध यांच्या नावावर चढते. संशयाने पछाडलेल्या नवऱ्याचा मार बायकोला खावा लागतो. मुलीचे शिक्षण थांबते आणि तिचे लग्न घाईने उरकले जाते. मुलगा सालगडी म्हणून राहतो किंवा आईबरोबर ऊसतोडीच्या फडावर जातो. वार्धक्यात मुलाच्या आधारावर विसंबणाऱ्या आईबापांना त्याच मुलाच्या भीतीने रात्री दाराला आतून कडी लावून झोपावे लागते. शेतकरी कुटुंबात घर आणि उत्पादनाचे केंद्र ही एकच संस्था असते. नोकरदाराची नोकरी गेली तरी घर उरते, शेतकऱ्याचे घर मोडले की धंदाही मोडतो.

दुसऱ्यांचा अनुभव

हा रस्ता इतर देश चालून गेले आहेत. महायुद्धानंतर शिल्लक राहिलेला साठा जपानच्या बाजारात आला तेव्हा बेकारी आणि निराशेने ग्रासलेल्या तरुण पिढीत व्यसनाची लाट उसळली. १९५१ मध्ये कडक कायदा झाला आणि १९५४ या एका वर्षात पन्नास हजारांहून अधिक लोकांना अटक करावी लागली.

मराठवाड्याला अधिक जवळचे उदाहरण मात्र अमेरिकेतील आयोवा राज्याचे आहे. मका पिकविणारा हा प्रांत १९८० च्या दशकात कर्जाच्या विळख्यात सापडला. हजारो कुटुंबांना वडिलोपार्जित शेते विकावी लागली, मांसप्रक्रिया कारखान्यांतील मजुरी घसरली आणि जोडपाळी करून संसार चालविणाऱ्या कामगारांत मेथॅम्फेटामाइनने पाय रोवले. लहान गावांतील घरांत आणि गोठ्यांत ते तयार होऊ लागले. ज्या सर्दीच्या गोळ्यांपासून ते बनत असे, त्यांच्या विक्रीवर २००५ मध्ये आयोवाने आणि पुढे साऱ्या देशाने निर्बंध घातले. गावठी कारखाने झपाट्याने बंद पडले. परंतु मागणी शिल्लक राहिली आणि मेक्सिकोतील टोळ्यांनी अधिक शुद्ध व अधिक घातक माल पुरवून ती भागविली. पुरवठा तोडणे आवश्यक असले तरी पुरेसे नाही, हा त्या अनुभवाचा धडा आहे.

थायलंडने केवळ बळाचा मार्ग पत्करून पाहिला. २००३ मध्ये तेथे पुकारलेल्या मोहिमेत पहिल्या तीन महिन्यांतच दोन हजारांवर माणसे मारली गेली, आणि तरीही त्या गोळ्या थायलंडमधून नाहीशा झाल्या नाहीत.

कायदा आहे, दवाखाना कोठे?

भारतातील कायदा सौम्य नाही. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यात मेफेड्रोनचा समावेश २०१५ मध्ये झाला. ५० ग्रॅमहून अधिक माल जवळ बाळगल्यास दहा ते वीस वर्षांची सक्तमजुरी होऊ शकते. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात महाराष्ट्र विधिमंडळाने मोक्का कायद्यातही अमली पदार्थांच्या गुन्ह्यांचा अंतर्भाव केला. मोठ्या व्यापाऱ्यांवर हे आसूड उगारलेच पाहिजेत, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही.

तथापि त्याच १९८५ च्या कायद्यात एक कलम असे आहे की, ज्याची माहिती खेड्यातील शंभरात एका कुटुंबालाही असण्याचा संभव कमी. कलम ६४ अ नुसार, जो व्यसनाधीन माणूस स्वेच्छेने शासनमान्य ठिकाणी उपचार घेतो आणि ते पूर्ण करतो, त्याच्यावर सेवनाबद्दल किंवा अल्प प्रमाणात द्रव्य बाळगल्याबद्दल खटला चालविला जात नाही. मेफेड्रोनसाठी हे अल्प प्रमाण दोन ग्रॅमपेक्षा कमी आहे. पोरगा दवाखान्यात नेला तर पोलिसांत जाईल, या भीतीने जी आई गप्प बसते, तिच्यासाठी हे कलम अभयपत्र आहे. परंतु अभयपत्राचा उपयोग दवाखाना असेल तरच.

खरे दारिद्र्य आहे ते येथेच. केंद्र शासनासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे आढळले की, बेकायदा मादक द्रव्यांच्या अधीन झालेल्या दर वीस जणांपैकी एकालाच काही मदत मिळते. राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे उभी राहिली. मराठवाड्याच्या वाट्यास त्यांतील एकही आले नाही. जालन्यास असे रुग्णालय उभारण्यास शासनाने मान्यता दिली आणि २०२४ मध्ये तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले, हे स्वागतार्ह होय. २०१९ ते २०२२ या काळात घनसावंगी मतदारसंघाचे प्रतिनिधी राज्याचे आरोग्यमंत्री होते, ही गोष्टही विसरण्यासारखी नाही. या भागाच्या अपेक्षा त्यामुळे अधिक असल्यास नवल नाही.

परंतु या व्यसनाचे स्वरूपच असे आहे की, दूरच्या शहरातील एक मोठी इमारत त्यावर पुरी पडणार नाही. अफूजन्य पदार्थांच्या व्यसनात पर्यायी औषध देऊन रुग्ण सावरता येतो. मेथॅम्फेटामाइन किंवा मेफेड्रोन सोडविणारे तसे औषध अद्याप हाती नाही. सुरुवातीचे काही आठवडे झोप, आहार आणि आत्महत्येपासून संरक्षण, आणि त्यानंतर कित्येक महिने नियमित समुपदेशन, हाच मार्ग आहे. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण केंद्राने दाखवून दिले की, रुग्णाला माणूस म्हणून वागविले आणि कुटुंबाला उपचारात सामील करून घेतले, तर माणसे परत उभी राहतात. घनसावंगीच्या शेतमजुराला दर आठवड्याला पुण्यास जाणे शक्य नाही. समुपदेशन आठवड्याच्या बाजाराइतके जवळ आले पाहिजे.

तालुक्याच्या हाती काय आहे?

यासाठी फार मोठ्या योजनेची वाट पाहण्याची गरज नाही. ग्रामीण रुग्णालयात बाजाराच्या दिवशी व्यसनमुक्तीचा बाह्यरुग्ण विभाग चालवावा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातील डॉक्टर आणि समुपदेशक त्या दिवशी तेथे हजर राहावेत. कलम ६४ अ ची माहिती मराठीत, ठळक अक्षरांत, प्रत्येक ग्रामपंचायतीच्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लावावी. केंद्र शासनाचा १४४४६ हा व्यसनमुक्तीचा मदत क्रमांकही त्याखाली असावा. गावच्या शिवारातील गोठा, शेड किंवा गाळा बाहेरच्या माणसाला भाड्याने दिल्यास त्याची नोंद ग्रामपंचायतीत करण्याचा ठराव ग्रामसभेने करावा. पोलीस पाटील आणि तलाठी यांनी ती पडताळावी.

आणखी एक उपाय शेतकरी चळवळीच्या इतिहासातच आहे. शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढली आणि शेकडो गावांतील शेतकऱ्यांनी जमिनीचा हिस्सा पत्नीच्या नावे केला, पुढे शासनानेही सातबारावर पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सोय केली. त्या वेळी हा स्त्रीच्या सन्मानाचा प्रश्न होता. आज तो घर वाचविण्याचाही उपाय आहे. सातबारावर दोघांची नावे असतील, तर पुडीच्या उधारीपायी तिच्या हिश्शाची जमीन तिच्या सहीवाचून विकता येणार नाही. नवरा बरा होऊन परत येईल तेव्हा कसण्यास काही वावर शिल्लक असेल.

या कामी ज्यांच्या नजरेचा सर्वाधिक उपयोग होण्यासारखा आहे, ती माणसे तालुक्यात आधीच आहेत. हजेरीपटावरून अकस्मात नाहीसा होणारा, किंवा वर्गात येऊन संशयी व हडकुळा दिसणारा विद्यार्थी प्रथम शिक्षकाच्या लक्षात येतो. पीककर्ज उचलताच त्याच दिवशी सारी रक्कम काढणारा, वर्षात दुसऱ्यांदा सोने तारण ठेवणारा खातेदार बँकेतील कारकुनास दिसतो. गहाणखताची नक्कल दुय्यम निबंधकाच्या कचेरीतील लेखनिकाच्या हातून जाते. वसतिगृहात शेजारच्या खाटेवर चार रात्री न झोपलेला मित्र कोणाचा तरी सहाध्यायी असतो. यांपैकी कोणी पोलीस बनावे अशी अपेक्षा नाही. घरच्या माणसाला वेळेत एक शब्द सांगावा, बाधा म्हणून दडविलेल्या आजाराला आजार म्हणावे आणि दवाखान्याची वाट दाखवावी, एवढीच अपेक्षा आहे.

दुष्काळाने महाराष्ट्राला एक गोष्ट शिकविली होती. १९७२ साली अन्नछत्रे उघडून भागणार नाही, माणसाला त्याच्या गावाजवळ काम द्यावे लागेल, हे ओळखून या राज्याने रोजगार हमीची योजना उभी केली आणि पुढे साऱ्या देशाने ती उचलली. व्यसनाच्या या नव्या आपत्तीतही नियम तोच आहे. मदत गावाजवळ गेली पाहिजे, आणि पहिली जमीन विकली जाण्यापूर्वी गेली पाहिजे. जालन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाने, जिल्हा परिषदेने आणि आरोग्य खात्याने पुढील खरिपापूर्वी जिल्ह्यातील प्रत्येक तालुक्यात आठवड्यातून एक दिवस तरी असा दवाखाना चालू करावा. छापे पडत राहतील आणि ते पडलेच पाहिजेत. पण छाप्यात सापडलेला माल मोजून झाल्यावर जी घरे मागे उरतात, त्यांना सावरण्याचे काम या दवाखान्यांवाचून होणार नाही.